दगडी कोळशाच्या धुराचा हिशेब : औद्योगिक कर्ब-उत्सर्जनाच्या मोजदादीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

दगडी कोळसा जाळला असता किती कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात एका ओळीत सुटतो. कर्बाचे १२ भाग प्राणवायूच्या ३२ भागांशी संयोग पावून कर्बवायूचे ४४ भाग निर्माण करतात. तेव्हा जळालेल्या कर्बाच्या वजनाला ४४ ने गुणावे, १२ ने भागावे, आणि उत्तर घ्यावे. या नियमाला अपवाद नाही आणि त्याविषयी कोणाचा वादही नाही. वाद आहे तो त्याआधीच्या पायरीवर; कारण कारखान्याच्या दारात उतरतो तो कर्ब नसून कोळसा असतो, म्हणजे कर्बाबरोबर राख, ओल, गंधक, दगडाचे तुकडे आणि कधी नुसती माती यांचे असे मिश्रण, की ज्यातील घटकांचे प्रमाण खाणीगणिक, थरागणिक आणि पावसाळ्यात तर दिवसागणिक पालटते; आणि तो कोळसा किती आला, त्यातला किती जळाला, जळालेल्यात कर्ब किती होता, या तिन्ही गोष्टी कोणीतरी मोजून कोणत्यातरी वहीत लिहिल्याखेरीज वरचे गणित सुरूच होत नाही.

या प्रश्नाची दोन टोके पाहावयास बीड जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. जिल्ह्याच्या पूर्वेस परळी वैजनाथ येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. १९७१ साली ३० मेगावॉटच्या लहान संचांनी त्याचा आरंभ झाला, पुढे २१० मेगावॉटचे तीन संच आले व कालांतराने निवृत्तही झाले, आणि आज तेथे २५० मेगावॉटचे तीन संच आहेत; तेथे येणाऱ्या कोळशाची प्रत्येक वाघीण काट्यावर चढते व दप्तरात नोंदली जाते. जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूस, गेवराई तालुक्यात, चकलांब्यासारख्या गावांतील घरांना विटा पुरवणाऱ्या भट्ट्या आहेत. त्यांतही कोळशाची चुरी जळते, परंतु ती कोठून आली, किती आली आणि तिच्यात कर्ब किती होता, हे सांगणारा कागद सहसा कोठेच नसतो. एका टोकाला कागद विपुल आहेत आणि त्यांतील आकड्यांचा परस्परांशी मेळ बसविण्याची अडचण आहे. दुसऱ्या टोकाला आकडाच नाही. या विषयावर आजवर जो काही शास्त्रीय विचार झाला आहे, त्यातला बहुतेक पहिल्या टोकाविषयी आहे, आणि या आढाव्यातही त्यालाच अधिक जागा द्यावी लागेल.

पूर्वपीठिका

कर्बवायू उष्णता शोषतो, हे जॉन टिंडॉल याने १८५९ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी दाखविले. स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ साली त्या वायूच्या कमीअधिकपणाने पृथ्वीचे तापमान किती पालटेल याचे गणित मांडले, आणि त्याच लेखात, जगात दरसाल सुमारे ५० कोटी टन कोळसा निघतो व त्याचा होणारा कर्बवायू वातावरणातील एकंदर कर्बवायूच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा असतो, असा अंदाजही दिला. औद्योगिक उत्सर्जनाच्या आरंभीच्या हिशेबांत त्याची गणना केली पाहिजे. त्यानंतर ब्रिटिश अभियंता गाय कॅलेंडर याने १९३८ मध्ये इंधनाचा वापर आणि तापमानातील वाढ यांचा संबंध जोडला. परंतु समुद्र हा सगळा वायू गिळून टाकतो अशी समजूत तेव्हा प्रबळ असल्याने त्याच्या लेखाची फारशी दखल घेतली गेली नाही.

चार्ल्स कीलिंग याने १९५८ साली हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर प्रत्यक्ष मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेतील कर्बवायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. हवेतील साठा याप्रमाणे बिनचूक मोजता येऊ लागल्यावर त्या साठ्यात भर घालणाऱ्या प्रवाहाचा हिशेबही तितकाच बिनचूक हवा, ही गरज उत्पन्न झाली. स्वतः कीलिंगनेच १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इंधन-आकडेवारीवरून जागतिक उत्सर्जनाचा ताळेबंद मांडला, आणि पुढे अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत रॉटी व मार्लंड यांनी ती परंपरा चालविली. १९९२ च्या हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारानंतर प्रत्येक राष्ट्राने आपला जमाखर्च द्यावा असे ठरले, व तो कसा मांडावा याच्या मार्गदर्शिका हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी २००६ ची मार्गदर्शिका, २०१९ च्या सुधारणांसह, आज सर्वत्र प्रमाण मानली जाते.

आपल्या देशात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९० नंतर या कामाला शिस्तबद्ध रूप आले. भारताचे पहिले राष्ट्रीय निवेदन २००४ साली सादर झाले व त्यातील आकडे १९९४ सालचे होते. डिसेंबर २०२४ मध्ये सादर झालेल्या चौथ्या द्विवार्षिक अहवालात २०२० सालचा हिशेब आहे, आणि त्याप्रमाणे वनक्षेत्र व भूवापर वगळता देशाचे एकूण उत्सर्जन २९५.९ कोटी टन कर्बवायूच्या तोलाचे असून त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग ऊर्जेच्या वापरातून येतो. विजेपुरता वेगळा ताळेबंद केंद्रीय विद्युत प्राधिकरण २००६ पासून दरसाल प्रसिद्ध करीत आले आहे. तो केंद्रवार असल्यामुळे परळी, चंद्रपूर, कोराडी यांचे आकडे त्यात स्वतंत्रपणे पाहता येतात. सरकारी दप्तरातील माहिती सर्वांना खुली करण्याच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे, आणि त्याची जेवढी दाद घेतली जावयास हवी तेवढी मराठी वाचकांत अद्याप घेतली गेलेली नाही.

वजनकाटा आणि उष्णतामापक

मोजण्याची रूढ रीत अशी : जळालेल्या कोळशाचे वजन घ्यावयाचे, त्याला त्याच्या उष्मांकाने गुणून एकंदर उष्णता काढावयाची, आणि त्या उष्णतेला दर एककामागे किती कर्बवायू निघतो याच्या गुणकाने गुणावयाचे. कागदावर तीन आकडे दिसतात. परंतु त्यांपैकी प्रत्येकामागे माणसांचे व यंत्रांचे जे काम उभे असते ते जवळून पाहिल्याखेरीज, अंतिम आकड्यावर किती भरवसा ठेवावा हे कळत नाही.

वजनाची गोष्ट प्रथम घेऊ. रेल्वेची एक मालगाडी म्हणजे सुमारे ५८-५९ वाघिणी आणि साडेतीन ते चार हजार टन कोळसा. ती खाणीच्या बाजूला एकदा व केंद्राच्या बाजूला दुसऱ्यांदा वजनकाट्यावरून जाते. दोन वजनांत फरक पडतो, कारण वाटेत काही सांडते, काही चोरीस जाते, काही वाळते, आणि पावसात सापडली तर उलट काही भिजून जड होते. तेथून कोळसा थेट बॉयलरकडे जातो असे नाही. बराचसा यार्डात ढीग घालून ठेवला जातो, आणि वर्षअखेरीस त्या ढिगाची मोजणी होते ती वजनाने नव्हे, तर आकारमान मापून व त्याला घनतेच्या अंदाजाने गुणून. शिवाय ढिगातला कोळसा कधी कधी आपोआप धुमसू लागतो, आणि अशा रीतीने जळालेल्याचा धूर धुराड्यातून जात नसला तरी हवेत जातोच. पट्ट्यावरून बॉयलरकडे जाणाऱ्या कोळशाचे चालते वजन घेणारा काटाही असतो. परंतु तो वेळच्या वेळी पारखून घेतला नाही तर त्याचा आकडा हळूहळू सरकत जातो.

उष्मांकाचे प्रकरण याहून नाजूक आहे. चार हजार टनांच्या गाडीतून ठिकठिकाणचा कोळसा उचलून ठोक नमुना करतात, तो फोडतात, त्याचा शंकूसारखा ढीग घालून चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकतात, आणि हा क्रम चालवीत अखेर २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतकी बारीक पूड करतात; तीतला साधारण एक ग्रॅम उष्णतामापकाच्या पोलादी पात्रात प्राणवायूच्या दाबाखाली जाळतात आणि भोवतालच्या पाण्याचे तापमान किती चढले ते पाहतात. म्हणजे ४०० कोटी ग्रॅमांची साक्ष एका ग्रॅमने द्यावयाची. प्रयोगशाळेतील मापन स्वतः फार काटेकोर असते. चूक शिरते ती नमुना उचलताना, कारण मोठे दगड वरून दिसतात आणि ओली चुरी तळाशी बसते, आणि नमुना घेणाऱ्याचा हात कोठे पडला यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

१ जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे कोळशाचे ग्रेड एकूण उष्मांकावरून ठरू लागले; जी-१ ते जी-१७ असे १७ ग्रेड असून बहुतेकांतील अंतर किलोमागे ३०० किलोकॅलरीचे आहे. जी-११ म्हणून बिल झालेला कोळसा केंद्रावर जी-१३ निघाला, अशा तक्रारी वीजकंपन्यांनी वर्षानुवर्षे केल्या, आणि खाणकंपन्यांनी त्यांचे तितकेच सविस्तर खुलासे दिले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. खाणीवरील ग्रेड ठराविक आर्द्रतेत स्थिरावलेल्या नमुन्यावरून, म्हणजे ४० अंश तापमान व ६० टक्के दमटपणा गृहीत धरून, मुकर्रर होतो. केंद्राला मात्र प्रत्यक्ष आलेली सगळी ओल सोसावी लागते, आणि ती ओल उडवण्यात उष्णता खर्ची पडते. त्रयस्थ म्हणून धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेकडे नमुने देण्याची तजवीज झाल्यावर वाद कमी झाला, मिटला नाही.

हा सगळा तंटा मुळात पैशाचा आहे, कारण कोळशाची किंमत ग्रेडवर ठरते आणि विजेच्या दरात कोणता उष्मांक धरावयाचा, हा नियामक आयोगांपुढचा नित्याचा प्रश्न आहे. परंतु कर्बाचा हिशेबही याच कागदांवरून होत असल्यामुळे पैशाच्या तंट्यातली प्रत्येक तफावत हवेच्या हिशेबात जशीच्या तशी उतरते. जी-११ च्या मधला उष्मांक ४,१५० धरला तर टनामागे सुमारे १,५८० किलो कर्बवायू येतो. तोच कोळसा जी-१३ चा, म्हणजे ३,५५० चा ठरला तर सुमारे १,३५० किलो. एका टनामागे २३० किलोंचा हा फरक केवळ कोणाच्या प्रयोगशाळेचा दाखला ग्राह्य धरला एवढ्यावरून पडतो.

गुणकांचा वाद

तिसरा आकडा गुणकाचा, आणि आंतरराष्ट्रीय चर्चेत सर्वाधिक शाई त्याच्यावर खर्च झाली आहे. २००६ च्या मार्गदर्शिकेने तीन पायऱ्या सांगितल्या : ज्याच्याजवळ काहीच माहिती नाही त्याने जगाच्या सरासरीचे तयार गुणक घ्यावेत, ज्याने आपल्या देशातला कोळसा तपासला आहे त्याने देशाचे गुणक वापरावेत, आणि ज्या केंद्राने स्वतःच्या कोळशाचे कर्ब-पृथक्करण केले आहे त्याने आपलेच आकडे द्यावेत.

पहिल्या पायरीचे समर्थक म्हणतात की तुलना करावयाची तर सर्वांची फूटपट्टी एक हवी, आणि प्रत्येक देशाने आपापला गुणक आणला तर सोयीचा गुणक शोधण्याचा मोह कोणाला आवरणार? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की जगाच्या सरासरीत ज्यांचा कोळसा बसतच नाही त्यांच्यावर ती लादणे म्हणजे चुकीला शिस्तीचे नाव देणे. आपल्या कोळशात राख ३० पासून ४५ टक्क्यांपर्यंत असते. सरासरीच्या तक्त्यातला कोळसा याहून पुष्कळ स्वच्छ आहे.

हा वाद उदाहरणाने स्पष्ट होईल. किलोमागे ३,६०० किलोकॅलरी एकूण उष्मांकाचा एक टन कोळसा घेतला, आणि वाफेत जाणारी उष्णता पाच टक्के वजा केली, तर १४.३ गिगाज्यूल निव्वळ उष्णता उरते. भारतीय बिगर-कोकिंग कोळशासाठी आपल्या शास्त्रज्ञांनी काढलेला गुणक गिगाज्यूलमागे ९५.८१ किलो आहे, त्याने १,३७० किलो कर्बवायू येतो. त्याच टनाला मार्गदर्शिकेतील उपबिट्युमिनस कोळशाचे तयार आकडे लावले तर १,८१६ किलो येतात, आणि इतर बिट्युमिनस या सदरात तो घातला तर २,४४० किलो. एकच टन, एकच आग, आणि उत्तरे तीन. परंतु या तीन उत्तरांतली तफावत कोठून आली हे पाहिले तर ध्यानात येते की उष्णतेमागचा गुणक ९४.६ पासून ९६.१ पर्यंतच हलतो. हलतो तो वजनामागचा उष्मांक, १४.३ पासून २५.८ पर्यंत. राख आणि ओल कर्बालाही विरळ करतात आणि उष्णतेलाही, त्याच प्रमाणात. म्हणून उष्णता नीट मोजली तर गुणकाचा वाद दोन-चार टक्क्यांचा उरतो. माझ्या मते या चर्चेत गुणकाला मिळालेले महत्त्व त्याच्या वाट्यापेक्षा अधिक आहे, आणि नमुना घेण्याच्या कामाला मिळालेले फारच कमी.

चीनचा अनुभव याला पुष्टी देतो. २०१५ साली लिऊ झू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खाणींतून घेतलेले ६०२ नमुने तपासून असे मांडले की चिनी कोळशाचा टनामागचा कर्ब तयार आकड्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी आहे, आणि त्या हिशेबाने २०१३ सालचे चीनचे उत्सर्जन आधीच्या एका प्रमुख अंदाजाहून १४ टक्के कमी ठरते. त्याच वर्षी चीनच्या सांख्यिकी खात्याने कोळशाच्या खपाचे मागील आकडे मात्र वर नेले. एका हाताने कमी झालेले दुसऱ्या हाताने वाढले. त्याआधी २०१२ मध्ये असेही दिसून आले होते की २०१० सालासाठी चीनच्या प्रांतांची बेरीज राष्ट्राच्या आकड्याहून १४० कोटी टनांनी अधिक येते. एवढ्या मोठ्या देशाच्या बाबतीत एवढ्या मोठ्या रकमेचा मेळ बसू नये, ही गोष्ट आपल्यालाही विचार करावयास लावणारी आहे; आपल्याकडे ग्रीनहाऊस गॅस प्लॅटफॉर्म इंडिया या अभ्यासगटाने राज्यवार हिशेब मांडले आहेत, पण राज्यसरकारांनी स्वतः दरसाल असे हिशेब मांडण्याचा प्रघात अजून पडलेला नाही.

गुणकाशीच निगडित एक लहान पण महत्त्वाचा प्रश्न राखेचा. सगळा कर्ब जळतोच असे नाही. काही राखेबरोबर बाहेर पडतो. १९९६ च्या मार्गदर्शिकेने कोळशातला ९८ टक्के कर्ब जळतो असे धरले होते, २००६ च्या मार्गदर्शिकेने पूर्ण जळतो असे धरावयास सांगितले, आणि ज्याला वजावट हवी असेल त्याने राख तपासून दाखवावी अशी अट ठेवली. या वजावटीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

धुराड्यातून आणि आकाशातून

इंधन मोजून धूर ठरविण्याऐवजी धूरच का मोजू नये? अमेरिकेत १९९० च्या कायद्यान्वये मोठ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांत अखंड मापनयंत्रे बसली आणि त्यांतून कर्बवायूचे तासावार आकडे मिळू लागले. या रीतीचा मोठा गुण असा की ती इंधनाच्या दप्तरावर अवलंबून नाही, म्हणून एक स्वतंत्र साक्षीदार मिळतो. इंधनाच्या हिशेबात अशी स्वतंत्र साक्ष मिळत नाही. केंद्राच्या कार्यक्षमतेवरून पडताळा घ्यावा म्हटले तर ती कार्यक्षमताही बहुधा त्याच कोळशाच्या वजनावरून व उष्मांकावरून काढलेली असते, आणि पडताळा वर्तुळात फिरतो.

परंतु धुराड्याचा साक्षीदारही निर्दोष नाही. धुरात कर्बवायू किती टक्के हे यंत्र चांगले सांगते; धूर किती वेगाने चालला हे सांगताना ते चुकते, कारण रुंद धुराड्यात धूर सरळ न चढता गिरक्या घेत चढतो आणि वेग वाजवीपेक्षा अधिक भासतो. २००८ साली ॲकरमन व संडक्विस्ट यांनी अमेरिकेतील दोन सरकारी संग्रह ताडून पाहिले. देशाची बेरीज दोहोंत जुळत होती, पण एकेका केंद्राच्या आकड्यांत सरासरी सुमारे १७ टक्के फरक होता. बेरजेत चुका परस्परांना कापतात, सुट्या केंद्राला ती सवलत नाही. आणि ज्या दिवशी केंद्रागणिक दंड वा बक्षीस देण्याची वेळ येईल त्या दिवशी हा फरक निर्णायक ठरेल.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना अखंड मापनयंत्रे बसविण्याचा आदेश दिला. त्यांत धूलिकण, गंधक व नत्राचे वायू यांचा अंतर्भाव आहे, कर्बवायूचा नाही. यंत्रे उभी आहेत, तेव्हा त्यांत आणखी एका वायूची भर घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही असे एक मत आहे. दुसरे मत असे की ही यंत्रे पारखून, दुरुस्त ठेवून चालविण्याची शिस्त अजून पुरती रुजलेली नसताना त्यांच्यावर नवा भार टाकल्याने आकडे वाढतील, ज्ञान वाढेलच असे नाही.

उपग्रहांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. २०१४ साली सोडलेल्या अमेरिकन ओसीओ-२ या उपग्रहाच्या नोंदींवरून २०१७ मध्ये काही मोठ्या कोळसा-केंद्रांचे उत्सर्जन आकाशातून काढण्यात आले. परंतु त्याचा पट्टा सुमारे दहा किलोमीटर रुंद, त्याच्या फेऱ्या विरळ, आणि ढग आले की दृष्टी बंद. पावसाळ्यातले चार महिने आपल्या मुलुखावर त्याचा उपयोग नाममात्रच. शिवाय परळीसारख्या मध्यम केंद्राच्या धुराने भोवतालच्या हवेतील प्रमाण इतके थोडे वाढते की ते ओळखणे या यंत्रांना कठीण जाते. जागतिक नकाशे करणारे काही अभ्यासक म्हणूनच स्थापित क्षमतेवरून उत्सर्जन वाटून देतात; पण २०१३ साली दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते, आणि अशा वर्षी क्षमतेवरून बांधलेला अदमास किती फसवा ठरेल हे बीडच्या माणसाला सांगावयास नको.

दप्तराबाहेरचा कोळसा

वीजकेंद्रांनंतर सिमेंट, पोलाद व स्पंज आयर्न हे मोठे ग्राहक येतात. चंद्रपूर जिल्ह्यात हे तिन्ही उद्योग एकवटले आहेत. येथे अडचण वर्गवारीची आहे : सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या कर्बवायूबरोबर चुनखडीतूनही तोच वायू सुटतो, आणि स्पंज आयर्नमध्ये कोळसा हा इंधनाबरोबरच खनिजातील प्राणवायू काढून घेणारा घटकही असतो, सबब तोच टन ऊर्जेच्या सदरात व प्रक्रियेच्या सदरात असा दोनदा लिहिला जाण्याचा, किंवा दोन्हींतून निसटण्याचा धोका असतो.

खरा अंधार याच्याही खाली आहे. लिलावातून वा व्यापाऱ्यामार्फत घेतलेला कोळसा लहान बॉयलरांत, रंगकामाच्या कारखान्यांत आणि वीटभट्ट्यांत जातो, आणि सरकारी कोळसा-आकडेवारीत त्याची बोळवण ‘इतर’ या एका सदरात होते. देशात वीटभट्ट्या एक लाखाहून अधिक आहेत असे मानतात, आणि त्यांचा कोळशाचा खप वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या घरात असल्याचा अंदाज वारंवार उद्धृत होतो. पण तो अंदाज आहे, मोजणी नव्हे.

महाराष्ट्रात बहुतांश भट्ट्या उघड्या रचाईच्या असतात. गोदाकाठचा गाळ वा शेतातली माती, तिच्यात राख व बगॅस कालवून पाडलेली कच्ची वीट, तिच्या थरांमध्ये पसरलेली कोळशाची चुरी, आणि बाहेरून मातीचे लिंपण. एकदा पेटवली की भट्टी आपल्या गतीने दिवसेंदिवस धुमसत राहते. अशा भट्टीला किलोभर विटेमागे दीड ते तीन मेगाज्यूल उष्णता लागते असे अभ्यास सांगतात. तीन किलोंची एक याप्रमाणे लाख विटा धरल्या आणि सारी उष्णता कोळशाचीच मानली, तर उत्सर्जन ४३ टनांपासून ८६ टनांपर्यंत कोठेही असू शकते. आणि बगॅस वा लाकूड जेवढे असेल तेवढे, वनस्पतिजन्य इंधनाचा कर्ब ऊर्जेच्या बेरजेत न धरण्याच्या संकेतानुसार, वजा करावे लागते. भट्टीमालकाला विचारले तर तो इतके ट्रक चुरी लागली असे सांगतो. ट्रकात किती टन आणि चुरीत किती माती हे त्यालाही ठाऊक नसते, आणि ठाऊक ठेवण्याचे त्याला आजवर कारणही पडलेले नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये भट्ट्यांना झिगझॅग पद्धती वा नळाच्या वायूकडे वळण्याची मुदत घालून दिली, परंतु तिचा रोख मुख्यत्वे धुळीवर होता.

येथे राखेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. परळीच्या राखेचा मोठा उपयोग विटांत होतो. त्या राखेत जो न जळलेला कर्ब उरला असेल तो विटेबरोबर भट्टीत जाऊन तेथे जळतो. भट्टीवाल्यांना तो हवाही असतो, कारण तेवढे इंधन वाचते. वीजकेंद्राने सगळा कर्ब जळाला असे धरले असेल तर हिशेब पुरा आहे. परंतु केंद्राने राख तपासून वजावट घेतली आणि भट्टीने फक्त विकत घेतलेला कोळसा सांगितला, तर तो कर्ब दोन्ही वह्यांतून नाहीसा होतो आणि हवेत मात्र जातो. दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात असल्यामुळे ही गोष्ट येथे तपासून पाहणे शक्य आहे.

कोणाच्या खाती

मोजलेला धूर कोणाच्या नावे लिहावयाचा, हा प्रश्न मापनाइतकाच मूलगामी असला तरी त्यावरील पक्ष सुस्पष्ट आहेत. राष्ट्रीय हिशेब धूर जेथे निघाला त्या भूमीच्या नावे लिहितो. या न्यायाने परळीचा धूर बीडचा. कंपन्यांच्या हिशेबात वीज वापरणाऱ्यालाही त्याचा वाटा स्वतंत्र सदरात दाखवावा लागतो, आणि तो काढण्यासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा युनिटमागे सुमारे ०.७ किलोचा सरासरी आकडा वापरतात. चकलांब्याच्या शेतपंपाला आणि पुण्याच्या कारखान्याला हा आकडा सारखाच लागतो. दोन्ही रीती आपापल्या हेतूसाठी योग्य आहेत. त्यांची बेरीज मात्र करता येत नाही, आणि लोकचर्चेत ती वारंवार केली जाते.

आज काय अनिर्णित आहे

२०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यानंतर जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यवहार योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद या उद्योगांतील कारखान्यांना उत्पादनाच्या एककामागे उत्सर्जनाची लक्ष्ये नेमून देण्यात आली. युरोपीय संघाने आयात पोलाद, सिमेंट व ॲल्युमिनियमवर कर्बाचा आकार लावण्याची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या रूपाने व जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या रूपाने सुरू केली. आजवर जे आकडे अहवालासाठी होते त्यांना यामुळे रोख किंमत आली आहे, आणि किंमत आलेल्या आकड्याला पडताळणारा त्रयस्थ लागतो. पडताळणी करणाऱ्यांना कारखानदारानेच शुल्क द्यावयाचे, की त्यांची नेमणूक व वेतन शासनाने करावे, याविषयी मतभेद आहेत. गुजरातेत सुरत येथे २०१९ पासून चाललेल्या धूलिकणांच्या परवाना-बाजाराच्या अनुभवाकडे दोन्ही पक्ष बोट दाखवतात.

तांत्रिक बाजूने तीन प्रश्न खुले आहेत. पहिला, भारतीय कोळशाचा ९५.८१ हा गुणक ज्या नमुन्यांवर उभा आहे त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हापासून खाणी खोल गेल्या, थर बदलले, आणि आयात कोळशाचे मिश्रण वाढले, तेव्हा वर्धा खोऱ्यातल्या व उमरेड-कामठीच्या खाणींचे खाणवार कर्ब-पृथक्करण पुन्हा व्हावयास हवे की आहे तो गुणक पुरेसा आहे? उष्णतेमागचा गुणक फारसा हलत नाही हे वर पाहिले. तरीही एक टक्क्याची चूक परळीएवढ्या केंद्रावर, युनिटमागे साधारण एक किलो व वर्षाला साडेचारशे कोटी युनिट धरल्यास, ४५ हजार टनांची होते. दुसरा, धुराड्यातील यंत्रांत कर्बवायूची भर घालून निदान काही मोठ्या केंद्रांवर दोन्ही रीती एकाच वेळी चालवून पाहाव्यात की नाही. आपल्या राखयुक्त कोळशासाठी असा जोडताळा घेतल्याशिवाय इंधनाच्या हिशेबातली चूक किती आणि कोणत्या दिशेची हे सांगता येणार नाही, आणि माझा स्वतःचा कल तो घ्यावा याच बाजूचा आहे. तिसरा प्रश्न लहान ग्राहकांचा. भट्टीभट्टीवर यंत्र बसविणे अशक्य, आणि मालकाकडून तपशीलवार नोंदवही मागणे त्याला तसदी देणारे. मध्यममार्ग म्हणून काही अभ्यासक सुचवितात की तालुक्यागणिक थोड्या भट्ट्या निवडून त्यांच्या एका पूर्ण भट्टीचा कोळसा, बगॅस व राख तोलावी, विटा मोजाव्यात, आणि त्यावरून तालुक्याचा अंदाज बांधावा. यासाठी लागते काय, तर ट्रक तोलणारा वजनकाटा, नमुन्याच्या पिशव्या, आणि उष्णतामापक असलेली एखादी प्रयोगशाळा. हा खर्च प्रदूषण मंडळाने सोसावा, खनिकर्म खात्याने की एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने, याचा निर्णय व्हावयाचा आहे. आणि तो झाला तरी भट्ट्या पेटतात त्या कोरड्या हंगामात, पाऊस पडण्यापूर्वी, एवढीच या कामाला दरसाल मुदत मिळते.